घोडेवाल्यांची गोष्ट मी सांगायचे

माझं अक्षर वाईट आहे, शुद्धलेखन त्याहून वाईट. शिक्षण चौथीपर्यंत, तेही आमच्या वाडीत उर्दू शाळा नव्हती म्हणून मराठी शाळेत. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हा कळलं नाही, आता कुठून कळणार? तेवढं माफ करा. बाकीचं माफ करा असं मी म्हणणार नाही.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. नमाजानंतर हात वर करते तेव्हासुद्धा एवढं गाळून बाकीचं सगळं बोलते — जसं काही तिथेही गाळता येतं!

लोक म्हणतात, हमीदा साधी आहे, हमीदाच्या तोंडातून शब्द निघत नाही. हे ऐकलं की माझ्या अंगाचा भडका उडतो. शब्द निघत नाही? एकदा निघाला होता ना. विचारा त्याने काय केलं ते. पण विचारणार कोण? ज्या बायकांनी तो ऐकला, त्याच तर मला साधी म्हणतात.

थांबा, नीट सांगते.

आम्ही तेव्हा आखातात, अल हिलाल नावाच्या वस्तीत एका जुन्या व्हिलात राहत होतो. व्हिला म्हणजे बंगला, पण आमच्या वाट्याला एक खोली. मध्ये प्लायवूड ठोकून खोल्या पाडलेल्या, स्वयंपाकघर सगळ्यांचं एक. सगळी कुटुंबं रत्नागिरीकडची. सर्वांत मोठी खोली खतीजाभाभीची, कारण तिचा नवरा कंपनीत क्लार्क होता आणि व्हिला त्याच्या नावावर भाड्याने घेतलेला. त्याच खोलीत टीव्ही. डिश आणायची ठरली तेव्हा घराघरातून वर्गणी काढली. माझा नवरा म्हणाला, असल्या थेरांना माझ्याकडे पैसा नाही. तेव्हा माझा वाटा शमीमने भरला. म्हणाली, "सावकाश दे गो. नाय दिलास तरी चालंल."

शमीम म्हणजे भाभीची नणंद. विधवा. तिशीही गाठलेली नव्हती. भावाच्या ओळखीतल्या एका अरबाच्या व्हिसावर आलेली, आणि घरी बसून हॉस्पिटलच्या नर्सबायकांचे कपडे शिवायची. तिचा मुलगा गावी सासरच्यांकडे. सात वर्षांचा. त्याचा फोटो मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली ठेवलेला असे.

पुरुष दुपारचे जेवून, घटकाभर पडून पुन्हा ड्युटीवर गेले की आम्ही भाभीच्या खोलीत जमायचो. त्या वेळेला एका चॅनलवर जुनी इंग्रजी मालिका लागायची. घोडेवाल्यांची. धुळीचं एक गाव, छातीवर चांदणी लावलेला एक फौजदार, मोठमोठ्या टोप्या, बंदुका. धूळ आमच्या दारात होती तशीच, म्हणून असेल, आम्हाला ते गाव परकं वाटायचं नाही. पण भाषा इंग्रजी, आणि खाली अरबी अक्षरं धावायची. अक्षरं आम्हा सगळ्यांना वाचता येत होती — कुराण वाचलेल्या बायका आम्ही — पण अर्थ एकीलाही लागत नव्हता. भाभी एखादी ओळ मोठ्याने वाचायची आणि मग सगळ्या एकमेकींकडे बघायच्या.

पहिल्याच दिवशी भाभी मला म्हणाली, "हमीदा, तू मडमीकडे कामाला होतीस ना गो? काय बोलतो तो?"

मी मडमीकडे दोन वर्षं भांडी घासली होती. येस मॅडम, नो मॅडम, फिनिश मॅडम — माझं इंग्रजी एवढंच. मला येत नाही, असं म्हणायला काय झालं होतं? पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे! असं कधी कुणी बघितलं होतं? पडद्यावर एका माणसाने पाण्याची बाटली उलटी केली. मी म्हटलं, "तो म्हणतो, पाणी संपलं, आता घोडा मरणार." आणि पुढच्याच क्षणाला घोडा खरंच बसला. झालं. त्या दिवसापासून मी मालिका सांगणारी झाले.

त्या गावात एक बाई होती, दारूचा गुत्ता चालवायची. गुत्ता म्हटलं असतं तर भाभीने टीव्ही बंद केला असता. म्हणून मी सांगितलं, खानावळ आहे, आणि पेल्यात कोकम सरबत. बायका खूश. त्या बाईचं आणि फौजदाराचं काहीतरी होतं. ते आम्हाला भाषा नसतानाही कळत होतं — तो दारात यायचा, ती हातातलं काम थांबवायची. सगळ्या गावाला माहीत होतं. न्हाव्याला माहीत, दुकानदाराला माहीत, तुरुंगातल्या चोरालासुद्धा. पण कुणी एक शब्द बोलत नव्हतं. दर वेळी तो टोपी चढवायचा आणि निघून जायचा. मग त्यांचं बोलणं मीच रचायचे. माझा फौजदार शेर म्हणायचा. माझी खानावळवाली रात्रभर रडायची. मी, जिला मासळीवाल्याशी घासाघीस करता येत नव्हती, ती अर्धा तास न थांबता बोलायचे.

शमीम मशीनवर बसून ऐकायची. एक दिवस आम्ही दोघीच मासे साफ करत होतो. ती हळूच म्हणाली, "फौजदार आज सांगत होता, गावच्या गाईंना खुरकत झालीय. तू त्याला शेर म्हणायला लावलंस!"

नर्सबायकांशी बोलून तिला इंग्रजी समजत होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"घाबरतंस काय? मी नाय कुणाला सांगणार. तुझीच गोष्ट बरी गो. त्यांच्या गोष्टीत नुसत्या गाई."

आणि त्याच बैठकीत तिने मला आपलं सांगितलं. पिकअपवाला युसूफ, जो आम्हाला तांदळाची पोती आणि गॅसचं सिलिंडर आणून द्यायचा, त्याच्याशी तिला निकाह करायचा होता. धर्मात मनाई आहे का? नाही! पण सासरच्यांना आधी कळलं असतं तर त्यांनी मुलगा सोडला नसता. म्हणून ठरलं होतं की सुट्टीत मुलाला आजोळी, तिच्या आईकडे आणायचं, तिथेच ठेवून घ्यायचं, आणि मग निकाह. तोवर गुपचूप. तिच्या भावालाही सांगायचं नव्हतं, कारण तिच्या शिलाईवर त्याचं अर्धं घर चालत होतं. तो हो म्हणाला असता? युसूफची फाटकी शर्टं ती शिवून द्यायची, आणि प्रत्येकाच्या कॉलरला आतून लाल दोऱ्याचा एक टाका घालायची. बाहेरून दिसायचा नाही.

"तुझं माझ्याकडे, माझं तुझ्याकडे," ती म्हणाली.

तिच्याकडे माझं राहिलं. शेवटपर्यंत राहिलं. आता माझ्याकडचं सांगते.

एका दुपारी मालिका फारच मंद चालली होती. फौजदार आला, उभा राहिला, बाईने त्याचा कोट हातात दिला, त्याने टोपी चढवली. भाभी वैतागली. "हे काय गो? आला नि गेला. याचं लग्न हुयाचं नाय आणि आपण म्हाताऱ्या हुयाच्या. लाव दुसरं काहीतरी." रिमोट तिने उचललाच होता. मालिका गेली की मी काय? पुन्हा कोपऱ्यातली, लसूण सोलणारी.

मी म्हटलं, "थांबा भाभी! ती सांगतेय आता. ती विधवा आहे. डोंगरापलीकडे तिचं पोर सासरच्यांकडे आहे. ते पोर हाताशी आलं की दोघं लग्न करणार. आणि बघा, त्या कोटाला तिने आतून लाल दोऱ्याचा टाका घातलाय, कुणाला न दिसणारा."

भाभीने रिमोट खाली ठेवला. बायकांनी "या अल्ला" म्हणून गालाला हात लावले. इतकी चांगली गोष्ट मी कधीच सांगितली नव्हती. आणि मागे मशीन थांबलं होतं. ते मी ऐकलं. ऐकूनही मी पुढे बोलत राहिले.

दोन दिवसांनी युसूफ सिलिंडर घेऊन आला. ते ठेवायला वाकला, कॉलर मागे सरकली, आणि भाभी नेमकी त्याच्या मागे उभी.

तिने आम्हा सगळ्यांना खोलीत बोलावलं. शमीमला विचारलं. शमीमचा आवाज जराही हलला नाही. "भाभी, ते मालिकेतलं. लाल दोरा काय एकालाच असतो?"

भाभीची मुलगी इंग्रजी शाळेत जायची. आम्ही टीव्ही बघायचो तेव्हा ती तिथेच बसून अभ्यास करायची, पण पोरीला कोण विचारतं? त्या दिवशी भाभीने विचारलं. पोरगी वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "नो मम्मी. व्हॉट थ्रेड? ते पावसाचं बोलत होते. आंटी नेहमीच वेगळी स्टोरी सांगते."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. भाभी म्हणाली, "तुला इंग्रजी येतं की नाय? नसलं येत तर तसं सांग. येत असलं तर हे कुठून आणलंस?"

आता तुम्ही मला सांगा. काय अवघड होतं? "नाही येत भाभी, सगळं मनाने रचते," एवढंच तर म्हणायचं होतं. तेच खरं होतं, आणि त्यानेच शमीम सुटली असती. बायका चार दिवस हसल्या असत्या. मला मडम म्हणून चिडवलं असतं. आणखी काय? कुणाचं पोर जाणार होतं त्यात?

शमीमने माझ्याकडे पाहिलं. तीही म्हणू शकत होती — "हिला इंग्रजी येत नाही, ही काहीही रचते." स्वतःला वाचवायला तिला तेवढं पुरलं असतं. तिने ते म्हटलं नाही. मी म्हणेन म्हणून वाट बघितली.

मी म्हटलं, "मला इंग्रजी येतं. पोरीला जुनं इंग्रजी काय कळतंय? दोऱ्याचं तेवढं शमीमने मला सांगितलं होतं."

हेच ते. हाच तो शब्द.

पुढचं फार भराभर झालं. भावाने तिचा पासपोर्ट कपाटातून काढला, व्हिसा रद्द व्हायला आठवडाही लागला नाही. घराण्याची अब्रू म्हणे! त्याच्या घरातला फ्रीज तिच्या शिलाईतून आलेला, तेव्हा कुठे होती अब्रू? सासरच्यांना तिच्या आधीच फोन गेला. ती गावी पोचली तेव्हा दार लावलेलं होतं आणि पोर आतून तिला बघत होतं, असं मी ऐकलं. आणि युसूफ? तोंड उघडून "मी करतो निकाह, आजच करतो" म्हणाला असेल ना? नाही. त्याने पिकअप काढली आणि लांब वाळवंटात, दुखानकडे काम धरलं. डोक्यावर टोपी नव्हती, एवढाच फरक.

मला त्या सगळ्यांचा राग येतो. भावाचा येतो, युसूफचा येतो, गालाला हात लावणाऱ्या त्या बायकांचा येतो. त्या पडद्यावरच्या गावाचा तर सगळ्यात जास्त येतो, जिथे अख्खं गाव वर्षानुवर्षं गप्प बसतं आणि कुणालाच काही भोगावं लागत नाही. पण हा सगळा राग फिरून फिरून कुठे येऊन बसतो, ते मला माहीत आहे. त्यांच्यापैकी कुणाकडे तिने गुपित ठेवायला दिलं नव्हतं.

आणि याहूनही वाईट एक आहे. ती गेली, तिचं मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलं, आणि पुढच्याच आठवड्यात भाभीने हाक मारली — "हमीदा, ये गो, घोडेवाले लागले." कुणाला काही वाटलं नाही. आणि मी? मी गेले. बसले. सांगितलं. खानावळवालीचं पुढे काय झालं, ते त्यांनी विचारलं, आणि मी तेसुद्धा रचून सांगितलं. मी म्हटलं, तिचं पोर तिला मिळालं.

आता आम्ही त्याच शहरात, अल नस्रला दोन खोल्यांत राहतो. नवऱ्याचं काम लुसैलला, तिकडे नवं शहर उभारायला घेतलंय. मी एकट्या राहणाऱ्या पुरुषांना डबे करून देते. खानावळच म्हणा. हातात पहिल्यांदा माझे स्वतःचे पैसे आले. शमीमच्या शेजारची एक बाई इथे असते, ती यंदा गावी निघाली, तेव्हा तिच्याजवळ डिशच्या वाट्याचे पैसे दिले. सोबत निरोप दिला नाही. काय देणार?

ती परत आल्यावर मी विचारलं. म्हणाली, शमीम वाडीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते, एकटी असते. मुलगा मोठा झालाय, बाजारात समोर आला तर रस्ता ओलांडतो. पैसे तिने घेतले. नको म्हणाली नाही, जास्त मागितले नाहीत. मशीनच्या फळीवर ठेवून मोजले आणि म्हणाली, "हमीदाला सांग, पुरे आले."

डिशचे पैसे फिटले.