हाशमभाईंचा चालू फोन

कॉम्प्युटरने माणसाचं वाटोळं केलं, असं मी अकरा वर्षं रोज दुपारी तीनच्या चहाला म्हणत आलो. म्हणायची जागा ठरलेली, रियाधमधल्या आमच्या बँकेच्या सॉफ्टवेअर विभागाची पँट्री. ऐकून घेणारा माणूसही ठरलेला, हाशम परकार. मी सांगलीचा, ते जयगडच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. मी कोड लिहायचो, ते चहा करायचे. आमच्या मजल्यावर एक दिवस कोड नाही आला तर कुणाला कळायचंही नाही, पण हाशमभाई एक दिवस आजारी पडले की सगळे हवालदिल व्हायचे.

माझं हे रडगाणं त्यांना अजिबात पटायचं नाही.

"साहेब, तुमचं घर कशावर चालतं?"

"कॉम्प्युटरवर."

"मग खाल्ल्या घरचे वासे कशाला मोजता? घ्या, चहा घ्या."

आता मशीनच कोड लिहायला लागलंय, आम्ही फक्त ते तपासत बसतो, असं मी त्यांना एकदा वैतागून सांगितलं. त्यांनी कप विसळता विसळता विचारलं, "आणि तपासायचं कामपण मशीन शिकलं की?" मी चहाचा घोट घेतला. "म्हणजे तुमचंपण फायनल एक्झिट जवळ आलं म्हणायचं," असं म्हणून ते खूश होऊन हसले. फायनल एक्झिट म्हणजे इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, परत करून कायमचं घरी जाणं. इथल्या प्रत्येक माणसाला ते हवंही असतं आणि त्याची धास्तीही असते.

हाशमभाई तंत्रज्ञानाच्या बाजूने बोलायचे त्याला कारण होतं. ते कारण त्यांच्या मागच्या फळीवर, साखरेच्या डब्याला टेकून उभं असायचं. त्यांचा फोन. आमच्याकडे तीन वाजले की गावी साडेपाच वाजायचे, आणि त्या वेळेपासून त्यांची ड्यूटी संपेपर्यंत तो व्हिडिओ कॉल चालू असायचा. तिकडचा फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत. बरेचदा कुणीच काही बोलायचं नाही. खोबरं किसल्याचा आवाज यायचा, कुकरची शिट्टी व्हायची, त्यांची बायको मुन्नी मधूनच पडद्यावरून जायची, नुसता खांदा आणि ओढणी दिसायची. हाशमभाई इकडे कप धुवायचे. आखाती माणसांचं हे असंच चालतं. घरी जाता येत नाही, म्हणून कॉल लावून ठेवायचा आणि आपण घरात बसलोय असं समजायचं.

बोलायची ती त्यांची मुलगी, इफरा. ती पाच महिन्यांची असताना त्यांनी तिला पहिल्यांदा उचलून घेतलं, आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी दोन महिने, एवढाच काय तो सहवास. बाकी सगळं वाढणं फोनवर. तिचा पहिला दात पडला तो फोनवर दाखवला, पाढे फोनवर म्हटले, दहावीचा निकाल फोनवर कळला. मी तिला पहिल्यांदा फोनवर पाहिलं तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. गेल्या वर्षी कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला गेली. बाई भयंकर बोलकी. कॉलेजातून आली की दप्तर टाकून थेट खिडकीशी.

"अब्बा, बीपीची गोळी घेतलीस?"

"घेतली गो."

"पाकीट दाखव."

हा पन्नाशीचा माणूस खिशातून पाकीट काढून कॅमेऱ्यासमोर धरायचा. तिला एखादा प्रोग्राम अडला की ते मला पुढे करायचे, "हे बघ, विवेककाकांना विचार, फुकट पगार खातात." मी समजावून सांगायचो. शेवटी ती म्हणायची, "काका, हे तुमचं जुनं झालं. आता असं कुणी करत नाही." इतक्या वर्षांच्या नोकरीत माझी एवढी नेमकी परीक्षा दुसऱ्या कुणी केली नव्हती.

माझा शर्विल तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आमच्याच फ्लॅटमध्ये, भिंतीपलीकडच्या खोलीत राहतो. त्याला जेवायला बोलवायचं तर मेसेज करावा लागतो, आणि उत्तर येतं, फाइव्ह मिन्स. कानात कायम काहीतरी घातलेलं. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर, तेही अर्धं. हे मी हाशमभाईंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, म्हणजे तुमच्याकडचा फोन बिघडलाय. माझ्याकडे नीट चालतो." मला राग आला, कारण खरं होतं.

एकदा मात्र ते सुट्टीवरून परतले ते अगदी तोंड उतरून. दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच विषय काढला.

"पोर लाजते साहेब माझ्यापुढे," ते म्हणाले. "फोनवर मला ओरडते, भांडते. मी समोर गेलो की आईच्या पाठीमागे. लहान होती तेव्हा म्हटलं, ठीक. आता एवढी मोठी झाली तरी तेच. दोन महिने 'होय अब्बा', 'नाय अब्बा'. आणि मी एअरपोर्टला निघालो, गाडी गल्लीतून बाहेर पडली नाय तर मेसेज. 'अब्बा, पाणी घेतलंस?' मग मुंबईपर्यंत तोंड बंद नाय तिचं."

मी हसलो. सल्ला द्यायला आपलं काय जातं? म्हटलं, "दोन महिन्यांत काय होतं? कायमचे जा, चार दिवसांत सवय होईल."

"तेच करायचं हाय," ते म्हणाले. "तीन-चार वर्षांत ती लग्न होऊन जाईल. त्याच्या आधीची वर्षं मला पाहिजेत. बापाशी समोरासमोर भांडलेली पोर पाहिजे मला. दुसरं काय मागत नाय."

ती वेळ लवकरच आली, पण त्यांनी मागितली म्हणून नाही. बँकेने विभाग नव्या इमारतीत हलवायचं ठरवलं. तिथे पँट्री नव्हती. प्रत्येक मजल्यावर एक मशीन, आणि चहा-कॉफी फोनवरच्या ॲपमधून मागवायची. ज्या मीटिंगमध्ये ते ॲप दाखवलं त्या मीटिंगला मी होतो. सॉफ्टवेअर कसं वाटतं, असं मला विचारलं. मी म्हटलं, ठीक आहे, एक बटण जरा मोठं करा. हाशमभाईंचं काय होणार, हे मी विचारलं नाही. सुचलं नव्हतं असं नाही. थकलो होतो, मीटिंग लांबली होती, कुठे वाद घालत बसा.

ते कळल्यावर हाशमभाई माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "खलास साहेब, सुटलो. मशीनने मला घरी पाठवलं. मी म्हणत होतो ना, कॉम्प्युटर चांगला?" फोनवरून इफरा रोज दिवस मोजत होती. आलास की तुला माझा प्रोजेक्ट दाखवते, तू माझ्या कॉलेजात ये, असे बेत चालले होते. रमजान सुरू व्हायच्या आठवडाभर आधी ते गेले. आम्ही बत्ह्याच्या बाजारातून त्यांना एक मोठी बॅग घेऊन दिली, आणि नव्या इमारतीत मी मशीनचा तो पांचट चहा प्यायला लागलो.

साधारण दहा आठवड्यांनी त्यांचा फोन आला. नुसता आवाज, चेहरा नाही. मागून समुद्राचा वारा ऐकू येत होता. म्हणाले, बंदरावर आलोय, घरी बोलता येत नाय.

"काय झालं हाशमभाई?"

"पोर बोलत नाय."

"अजून?"

"मी खोलीत गेलो की ओढणी सारखी करून उभी राहते. पाव्हणा आल्यावर राहतात ना, तशी. 'अब्बा, चहा देऊ?' एवढंच. मैत्रिणींशी हसत असते, माझी चप्पल वाजली की आवाज बंद. एक दिवस तिच्याबरोबर कॉलेजात गेलो. रस्ताभर चार पावलं पुढे चालली."

मी म्हटलं, "दुसऱ्या खोलीतून फोन लावून बघा." मी इंजिनिअर, मला दुसरं काय सुचणार?

"लावला. उचलला तिने. माझ्यामागे आपल्याच घराची भिंत बघितली आणि हसायला लागली. मग म्हणाली, 'अब्बा, असं काय करतोस,' आणि ठेवून दिला. नंतर दोघंपण खजील." मग म्हणाले, "साहेब, तिकडे होतो तर ती माझी होती. इकडे येऊन मी तिला घालवली. काहीतरी बघा. कुठेपण चालेल. चहाचंच काम."

मी त्या वेळी म्हणायला हवं होतं, हाशमभाई, अठरा वर्षांची सवय दहा आठवड्यांत जाते होय? तिला वर्षभर द्या, स्वतःला द्या. शहाणा माणूस हेच म्हणाला असता. पण आमच्या धंद्याची एक खोड आहे. कुणाची तक्रार आली की कॉम्प्युटरवर तिची नोंद होते, आमच्या भाषेत तिकीट उघडतं, आणि ते बंद होईपर्यंत आम्हाला चैन पडत नाही. तक्रार खरी काय होती, ते नंतर. आधी तिकीट बंद. मी फोन ठेवला आणि लगेच अल-खोबरच्या चैतन्यला लावला. हा माझा जुना सहकारी, आता तिथल्या एका ठेकेदार कंपनीत. त्यांच्या इंजिनिअरांच्या ऑफिसात अजून पँट्री होती आणि माणूस हवाच होता. कागद मी पाठवले, व्हिसाचा पाठपुरावा मी केला, मेडिकलची तारीख मी घेऊन दिली. जुलैच्या मरणाच्या उकाड्यात हाशमभाई पुन्हा सौदीत उतरले.

दुसऱ्या आठवड्यात त्यांचा व्हिडिओ कॉल आला. नवी पँट्री, नवे डबे. त्यांच्या हातात दुसरा एक फोन होता आणि त्यातून इफराचा आवाज माझ्यापर्यंत येत होता, "अब्बा, तिकडे गरम किती आहे? बाहेर फिरू नकोस. आणि गोळी कुठाय?" हाशमभाईंचा चेहरा फुलला होता. मला म्हणाले, "बघा साहेब, चालू झाला." मीही फार खूश झालो. त्या दिवशी जेवताना शर्विलला मी हे सगळं कौतुकाने सांगितलं, आणि त्याने चक्क कानातलं काढून ऐकलं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो, अशी भावना मला आमच्या घरात बऱ्याच वर्षांनी आली.

चारेक दिवसांनी एका शुक्रवारी सकाळी भारतातून एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"विवेकभाई का? मी मुन्नी. हाशमची बायको."

अकरा वर्षं मी या बाईच्या स्वयंपाकघरातले आवाज ऐकत चहा प्यालो होतो. तिचा आवाज मात्र पहिल्यांदा ऐकत होतो. मी म्हटलं, "बोला ना भाभी. सगळं ठीक?"

"नोकरी तुम्ही लावलीत त्यांची?"

आभार मानायला फोन केलाय असं मला वाटलं. म्हटलं, "त्यात काय भाभी, एक फोन तर केला. फार अस्वस्थ होते ते. इफरा बोलत नव्हती म्हणे."

ती हळूच म्हणाली, "नव्हती बोलत. लाजायची. बोलली असती हळूहळू. मलापण पहिले पंधरा दिवस लाज वाटली. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण सगळे दिवस मिळून दोन-अडीच वर्षं एकत्र असू आम्ही."

"हो."

"या खेपेला रमजान घरी केला त्यांनी. रोज रोजा सोडायला समोर बसायचे. सकाळी मी भाकऱ्या करायचे तर बाजूला पाट घेऊन बसायचे. तेव्हा मी बोलायला लागले. सासू गेली तेव्हाचं, माझं ऑपरेशन झालं तेव्हाचं, कितीतरी मनात होतं. ते कधी सांगितलं नव्हतं मी."

"रोज कॉल तर चालू असायचा," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"चालू असायचा," ती म्हणाली. "तुम्ही सगळे तिथे चहा प्यायला उभे असायचात. त्यात मी काय बोलणार होते?"

मला त्या बाईची माफी मागायची होती, पण नेमकी कशाकशाची मागू, ते कळेना.

"ते तुम्हाला म्हणाले असतील, घरात कुणी बोलत नाय," मुन्नीभाभी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "लेक बोलत नव्हती, भाई. मी बोलत होते."