आठशेव्या पानावरची सही

मामा गिअर कापायचे, चाळीस वर्षं एकाच यंत्रावर. "चाकाचे दात मूळ संख्येत ठेवावेत, म्हणजे तोच दात त्याच दाताशी सारखा घासत नाही," हे ऐकून ऐकून लहानपणीच माझे कान किटले होते. मग कारखाना बंद पडला, यंत्र भंगारात गेलं आणि मामांनी अंथरूण धरलं. दाढी नाही, धड जेवण नाही. एके दिवशी त्यांना यंत्रावर कोरलेला क्रमांक आठवला: ४८५६७२२७. "ही मूळ संख्याच असणार. म्हणून तर यंत्र कधी झिजलं नाही!" असला तर्क मामाच करू जाणोत.

पण ते उठले. ६९६९ च्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं, वर्गमूळ साधारण तेवढंच, त्यापुढे गरज नाही. अशा संख्या आठशे पंच्याण्णव. रोज एक भागाकार, एक पान आणि कारखान्याच्या शिस्तीने खाली दोन सह्या, करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. तपासायची मामी. मामा आजारी पडले तर भागाकार मामी करणार आणि तपासणार मामा. मोबाइलला हात लावायचा नाही.

मागच्या रविवारी शेवटचं पान झालं. मामांनी नवा शर्ट घातला, मला बोलावलं आणि म्हणाले, "आता विचार तुझ्या फोनला."

विचारलं. उत्तर आलं, ६१३३ गुणिले ७९१९. म्हणजे संख्या मूळ नव्हतीच.

"फोन चुकतोय," म्हणत मामांनी तिथेच पेन्सिलीने भागाकार मांडला. बाकी शून्य. वह्या उपसून त्यांनी ६१३३ चं पान काढलं, आठशेवं. बाकी लिहिली होती बारा. अक्षर मामीचं.

मामी मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मला माहीत होतं."

मी उडालेच. मामी आणि खोटं?

"अगं, पुढचे पंच्याण्णव दिवस मला उगाच राबवलंस?" मामांचा आवाज चिरकला.

"तापाने फणफणला होतात. शून्य लिहिलं असतं, तर ताप उतरल्यावर उठला असतात का तुम्ही? परत दाढी केली असतीत?" मामीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तीन दिवस जीव मुठीत धरून होते, अहो. म्हटलं, तपासतील, पकडतील."

मामांनी पान डोळ्यांजवळ नेलं. तपासणाऱ्याच्या जागी त्यांचीच सही होती, ठसठशीत. चाळीस वर्षांत मोजल्याशिवाय एका चाकावर सही न केलेला माणूस! रागवावं की हसावं, मला कळेना.

"मी तपासलंच नाही," मामा कसेबसे म्हणाले. "तुझं अक्षर होतं ना."