अक्कांची दुसरी यादी

मागच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता, आपल्याच गटाच्या बैठकीत, ठराव करून अक्कांना काढलं. अंध मुलांना मराठी पुस्तकं वाचून दाखवणारा आपण सगळे मिळून फुकट बनवतो तो मुक्त प्रोग्राम नव्या आवृत्तीत मुका झाला आणि दोष अक्कांच्या माथी मारला. मी तिथंच होते.

अक्का कागल एमआयडीसीत पंप तपासतात. सुट्टीच्या दिवशी आपल्या प्रोग्रामच्या चाचण्या बघायच्या. काय काय तपासायचं, याच्या त्यांच्या याद्या दोन. पहिली आपण रोज बदलतो त्या कच्च्या आवृत्तीची; ती आपल्या कॉम्प्युटरवर चालायची, बारीक चूक दिसली तरी काम बंद. दुसरी लोकांच्या हाती जाणाऱ्या आवृत्तीची. त्यासाठी त्या एसटीनं मलकापूरकडच्या अंधशाळेत जायच्या, तिथल्या जुनाट कॉम्प्युटरवर प्रोग्राम पहिल्यापासून नव्यानं बसवायच्या आणि मुलांना ऐकवायच्या.

"कशाला एवढी दगदग? इथं सगळं पास हाय की," मी एकदा म्हटलं.

"तुझ्या घरात चालतंय, त्यात काय नवल? पावण्याच्या घरात चालतंय काय, ते बघ."

तिथंच एका मुलीनं त्यांना विचारलं होतं, "अक्का, आमची गाडी तीन पूर्णांक तीसला सुटती व्हय?" प्रोग्रामनं साडेतीनची वेळ तशी वाचली होती. अक्का डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या आणि तिथंच बसून ती वेळ यादीत घातली.

यंदा गटाचे प्रमुख म्हणाले, दुसऱ्या यादीत वेळ जातो, पहिलीच दोन्हीकडं लावा. अक्कांनी लेखी विरोध केला. कुणी वाचला नाही. पहिल्या यादीच्या चाचण्या सगळ्या पास, कारण आवाजाची फाइल आपल्या कॉम्प्युटरवर होतीच. लोकांना पाठवलेल्या प्रोग्रामात ती घालायची राहिली. सराव परीक्षेच्या सकाळी मुलं बटणं दाबत बसली. एक शब्द ऐकू आला नाही.

बैठकीत प्रमुख शांतपणे म्हणाले, "चाचण्या अक्कांकडं होत्या." बारा जण गप्प. जगातल्या अन्यायावर पत्रकं लिहिणारी मीही चहाच्या कपात बघत बसले. याची मला स्वतःची किळस येते.

अक्कांनी पिशवी उचलली. "माझं नाव काढा, चालंल. पर ती यादी काढू नका. पोरास्नी परत असं बसवू नका."

त्याच ठरावात यादीही काढली.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला गटात मताचा हक्क आहे. येत्या बैठकीत अक्कांचा विरोध मोठ्यानं वाचायला लावा, ठराव रद्द करा. त्याआधी अक्कांची माफी. मी रविवारी सकाळी दहाला कबनूरला त्यांच्या दारात जाणार आहे. तुम्हीही या.