डबा कॅमेरा आणि जनावर

मला माणसांचे फोटो काढायचे नव्हते. मालवणच्या शाळेत दिवसभर माणसांचीच पिल्लं वळून जीव उबगलेला असे. मला पाखरं हवी होती, रानातले प्राणी हवे होते. पन्नासच्या दशकात असं बोलून दाखवणारा मास्तर म्हणजे डोकं फिरलेला मास्तर. बायको म्हणाली, "माणसां सोडून जनावरां कित्याक?" मी हसण्यावारी नेलं.

बाजारातल्या फोटोवाल्याकडे मला परवडतील असे दोनच जुने कॅमेरे होते. एक भात्याचा, उघडमिटीचा. त्याने भाता ताणून उन्हात धरला, तर खाऱ्या हवेनं चामड्याला सुईएवढी भोकं पडलेली. त्यातून उजेड शिरणार आणि फिल्म वाया जाणार. दुसरा डबा कॅमेरा, म्हणजे साधी पत्र्याची पेटी. तिच्यात जुळवायचं काही नाही आणि बिघडण्यासारखंही काही नाही. पोटाशी धरायची आणि वरच्या इवल्या काचेत वाकून बघायचं.

"पण मास्तरानू, ह्यात लांबचो कावळो मुंगी दिसतलो," फोटोवाला म्हणाला. "जनावर धा-बारा फुटांर व्हया, उन्हात व्हया आणि हालता कामा नये. आणि ध्यानात ठेवा, काचेत उजव्याचा डावा दिसता."

मी मान डोलावली आणि डबा घेतला.

पण इतकं जवळ, इतकं स्वस्थ कोण बसणार? बगळे माझी सावली बघूनच उडत. अशात तळेऱ्याच्या आतल्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी राहणारा माझा मेहुणा आला. बायकोचा एकुलता एक भाऊ. डबा उलटापालटा करत तो म्हणाला, "भावोजी, आमच्या व्हाळार जनावर येता. सकाळचा खडपार उन्हाक पडान आसता. कोण गेला तरी हलणा नाय."

आमच्या किनाऱ्यावर सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. उन्हात निपचित पडलेला साप म्हणजे माझ्या डब्यासाठी देवानंच धाडलेलं गिऱ्हाईक! मी त्याच्याबरोबर गावी गेलो. सकाळी निघताना म्हटलं, "एक काठी घे." तो माझ्याकडे जरा बघत राहिला आणि त्याने कोयता घेतला.

ओढ्यावर एकही पाखरू बोलत नव्हतं. मी दगडांच्या फटी बघत चाललो होतो आणि मेहुणा झाडांकडे बघत होता. मला ते खटकलं, पण विचारायचं राहून गेलं. खडकाजवळ आल्यावर मी डबा पोटाशी धरून वाकलो. काचेच्या उजव्या कोपऱ्यात काहीतरी पिवळसर होतं. त्यावर ठिपके होते.

"थंयच रवा," मेहुणा कुजबुजला.

घाटाच्या पायथ्याला बिबट्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर तो ऐकतो म्हणे. त्यालाही तिकडे जनावरच म्हणतात, हे मला त्या काचेत बघताना उमगलं. काचेत तो उजवीकडे होता म्हणून मी डावीकडे सरकलो, म्हणजे थेट त्याच्याच अंगावर गेलो. मेहुणा धावत मधे आला, आणि त्या गडबडीत माझं बोट खटक्यावर दाबलं गेलं.

बिबट्या त्याच्या खांद्यावर एक पंजा मारून झाडीत गेला. जखम किरकोळ आहे असंच सगळे म्हणत होते. पण ती चिघळत गेली, आणि शिमगा यायच्या आत तो गेला.

फिल्म धुऊन आली. तिच्यात बिबट्या नाही. एक पाठ आहे, मळका सदरा आहे आणि उगारलेला कोयता आहे. त्याचा दुसरा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून बायकोने तोच चौकटीत घालून भिंतीला लावला. त्याला पहिला हार घालताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेका जरा तोंड हकडे करूक सांगूक व्हया होता."