चार फेटे, एक गाणं

आमच्या कॉलेजचा सांस्कृतिक विभाग बरीच वर्षं माझ्याकडे आहे. माईक, खुर्च्या, चहा, दिवा, काडेपेटी, सगळ्याची यादी मी आधी करते आणि एकेक काम झालं की पुढे खूण करते. कार्यक्रम बिघडतात ते कुणीतरी काहीतरी विसरल्यामुळे, असं माझं पक्कं मत होतं.

आफ्रिकेतून शिकायला आलेली चार मुलं कॉलेजात होती, तीन मुलगे आणि एक मुलगी. गॅदरिंगला आम्ही त्यांना न चुकता स्टेजवर बोलवायचो आणि नाचायला लावायचो. ती नाचायची, पोरं शिट्ट्या मारायची आणि सगळे खूश व्हायचे. त्यांतली मलावीची मुलगी स्वतः गाणी रचते आणि बाकीचे तिघे तिला साथ करतात, हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. सांगितलं तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं. ही गारगोटीची, तोंडानं फटकळ. एक दिवस ती मलावीच्या मुलीला घेऊन थेट स्टाफरूममध्ये आली.

"मॅडम, ह्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम आम्ही पोरंपोरी मिळून करणार हाय. फक्त गाणी. भाषण न्हाय, डान्स न्हाय. तुम्ही पाठीशी ऱ्हावा."

"आणि हॉल?"

"त्यासाठीच तर आलोय की."

मलावीची मुलगी शेजारी शांत उभी होती. मग तिनं हळू इंग्रजीत सांगितलं. सहा गाणी तयार आहेत. कोर्स संपतोय, परत जायचं तिकीट काढून झालंय आणि घरी मामाच्या दुकानात तिची जागा ठरलीय. आईनं तिची गाणी कधी धड ऐकलेली नाहीत. रविवारी चर्चमधून आली की आई फोनवर हा कार्यक्रम बघणार होती. तिला पटलं, तर गाण्यासाठी एक वर्ष मागता येणार होतं.

हॉल मी मिळवला. मालक ओळखीचे, मोठ्या मनाचे गृहस्थ. फोनवर म्हणाले, "लांबनं शिकायला आलेली लेकरं, त्यांच्याकडनं भाडं घ्यायचं व्हय? दुपारचा हॉल तुमचा. फकस्त पाचला मोकळा करा, संध्याकाळी साखरपुडा हाय. मीबी येतो."

"या की. पण भाषणं ठेवलेली नाहीत," मी म्हणाले.

"छे छे, दोन शब्द बोलंन आणि बसंन."

तीनची वेळ होती. मुलांनी सगळं वेळेत मांडलं होतं. गारगोटीची मुलगी पहिल्या रांगेत फोन धरून बसली होती आणि पडद्यावर मलावीतली आई चर्चच्या कपड्यांत दिसत होती. हॉल देणाऱ्याच्या आधी सुरू कसं करायचं, म्हणून थांबलो. मालक साडेतीनला आले. बरोबर मित्रमंडळी, शाली, नारळ आणि फेटे बांधणारा एक माणूस.

मी पुढे गेले. "हे कशाला आणलंत? मुलं गायला सुरुवात करतायत."

"पावणं आपल्या गावात आल्यात आणि बोडक्या डोक्यानं गाणार? लोक मला काय म्हणतील?"

चौघांना ओळीनं खुर्च्यांवर बसवलं. फेटा सरावाच्या हाताला पटकन बांधता येतो, पण मुलीच्या डोक्याला बारीक बारीक वेण्या होत्या. फेटा बसेना, सुटायचा. बांधणाऱ्यानं तो उलगडला, पुन्हा पीळ घातला, पुन्हा उलगडला. लोक मायेनं हसत होते, फोटो काढत होते. ती मान ताठ धरून बसली होती आणि तिची नजर पहिल्या रांगेतल्या फोनवर होती.

मग दोन शब्द सुरू झाले. मालक पाहुणचारावर बोलले, तांबड्या रश्शावर बोलले. मग त्यांचा आवाज बदलला. "माझा पोरगा परदेशात हाय. चार वर्सं झाली. तिथं त्याला कुणी घरी बोलवून कपभर च्या पाजला आसंल का, मला ठावं न्हाय." त्यांचे डोळे भरले. अशा माणसाला खाली बसा म्हणायचं कुणी?

गारगोटीची मुलगी मागे वळून ओठांनीच म्हणत होती, मॅडम, काहीतरी करा की. मी चिठ्ठी पाठवली. त्यांनी ती माईकवर वाचली. "मॅडम म्हणत्यात येळ कमी हाय. पावण्यांसाठी येळ कमी असतोय व्हय?" टाळ्या पडल्या.

ते बसले तेव्हा पावणेपाच होत आले होते. मुलांनी गिटार जुळवली. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि साखरपुड्याचे डेकोरेशनवाले लोखंडी कमान घेऊन आत यायला लागले. मी धावत दाराशी गेले.

"अहो, जरा थांबा. गाणं सुरू होतंय."

"मॅडम, सहाला नवरीकडची माणसं येणार. फुलं कवा लावायची आमी?"

त्यांचं बरोबरच होतं. नवरीचे काकाही तिथेच उभे होते, हात जोडून. "ताई, आमचा मुहूर्त हाय ओ." मी एक हात दाराला लावून, दुसऱ्या हातानं त्यांना थोपवत आवाज दाबून बोलत राहिले. माझ्या पाठीमागे स्टेजवर काहीतरी सुरू झालं होतं. मला गिटारचा ठेका तेवढा कळत होता. कमानीचा एक पाय फरशीवर आपटला. कुणीतरी ओरडलं, "मराठी होऊ दे की एक." मग टाळ्या वाजल्या आणि हॉलच्या माणसानं माईक बंद केला. एकच गाणं झालं होतं.

जाताना मालकांनी मला आवर्जून गाठलं. "झकास झालं मॅडम. दरसाली करायचं." मी आभार मानले. मनापासून मानले, की दुसरं काही सुचलं नाही म्हणून, ते अजून ठरवता आलेलं नाही.

खुर्च्या हलत होत्या, स्टेजवर झेंडूच्या माळा चढत होत्या. मलावीची मुलगी कोपऱ्यात आईशी बोलत होती. बोलणं संपल्यावर गारगोटीचीनं विचारलं, "काय म्हणाली आई?"

तिनं इंग्रजीतच सांगितलं. आईला आधी वाटलं लग्नच चाललंय. मग कळल्यावर ती रडली. एवढा मान दिला म्हणाली, फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठव. आता समाधानानं घरी ये, मामा वाट बघतोय.

"आणि गाणं?"

"तोवर शेजारच्या बायका आल्या होत्या. ती त्यांना फोनवर माझा फेटा दाखवत होती."

गारगोटीची मुलगी माझ्याकडे न बघता वायर गुंडाळायला लागली. मुलीनं फेटा काढून नीट घडी घातली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही मागे होतात ना? गाणं मागपर्यंत ऐकू आलं का? शेवटचं कडवं मी नवीन लिहिलं होतं."

मी म्हणाले, "मी दाराशी होते गं."

तिनं मान हलवली आणि ती गिटार उचलायला गेली.