ठाकुर्लीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि माझा डावा कान

माझा डावा कान अधू झालाय, अशी माझी दोन वर्षं पक्की समजूत होती. हेडफोन लावला की गाणं उजवीकडे झुकायचं. ठाण्यात कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेलो. त्यांनी बंद केबिनमध्ये बसवून तपासलं आणि दोन्ही कान छान असल्याचं सांगितलं. मला ते पटलं नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी टेबलाच्या डाव्या टोकाची खुर्ची धरायला लागलो, म्हणजे बोलणारे सगळे उजव्या कानाच्या बाजूला येतील. हे फक्त बायकोला माहीत होतं.

अशा माणसाने व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बनवून घ्यायला निघावं, हे तसं विचित्रच. पण फार वर्षांची इच्छा होती. जुन्या रेडिओत असायचे ते काचेचे, तापले की केशरी उजळणारे व्हॉल्व्ह वापरून हेडफोनसाठी छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनवून देणाऱ्या एक बाई ठाकुर्लीत राहतात, असं कळलं. एका कारखान्यात तीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या तारा गुंडाळून त्या रिटायर झालेल्या. लाकडी पेटी त्यांचे यजमान करतात. मी फोन केला, तर त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवला. वर साधा अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्याखाली काय काय वाढवून मिळेल ते: रशियन बनावटीचे जुने व्हॉल्व्ह, मोठा ट्रान्सफॉर्मर, भारीतले कंडेन्सर, शिसवी पेटी, अजून बरंच काही.

पुढचा महिनाभर मी इंटरनेटवर तेच वाचत होतो. कुठल्या कंडेन्सरने आवाज रेशमी होतो, कुठल्याने गोड, यावर लोक तावातावाने भांडत होते. शेवटी मी त्या फोटोची प्रिंट काढून सगळ्याच गोष्टींपुढे बरोबरची खूण केली.

रविवारी सकाळी घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरून गाडी काढली. बायकोला पुढे विठ्ठलवाडीला मावशीकडे जायचं होतं, म्हणून तीही आली. घरी माझ्या आईपाशी मुलगी थांबली. घरी दोन वर्षं ज्यावर ऐकत होतो तो माझा जुना, तयार घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर मी पिशवीत टाकला होता. त्यात काय कमी आहे ते बाईंना दाखवावं, म्हणून.

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर. बाल्कनीला काचा लावून तिथेच कामाचं टेबल केलेलं. त्यांनी माझा खुणांनी भरलेला कागद चष्मा वर करून वाचला आणि बाजूला ठेवला. मग दोन अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर मांडून दोन्हींवर पंचा टाकला. एक साधा होता, दुसऱ्यात कागदावरचं झाडून सगळं घातलेलं. मी आलटून पालटून दोन्ही ऐकले आणि बऱ्याच विचारानंतर डावीकडचा भारी, असं ठामपणे सांगितलं. रेशमी हा शब्दही वापरला. त्यांनी पंचा काढला. डावीकडचा साधा होता. बायको खिडकीतून बाहेर बघायला लागली, पण तिचे खांदे हलत होते.

मला तेव्हा राहवलं नाही. माझा डावा कानच गेलाय, मला काय कळणार, असं मी बोलून गेलो. बाईंनी हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, आत्ता या दोन अ‍ॅम्प्लिफायरवर डावीकडे कमी येत होतं का? मी आठवून पाहिलं. कमी नव्हतं येत. मग त्यांनी विचारलं, घरी आवाज किती ठेवता? मी सांगितलं, अगदी बारीक. आईने आतून हाक मारली तर ऐकू यायला हवी.

त्यांनी माझ्या पिशवीतला अ‍ॅम्प्लिफायर काढून लावला, आवाज बारीक केला आणि हेडफोन माझ्या डोक्यावर उलटा चढवला. डावी बाजू उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. आता गाणं डाव्या कानात मोठ्याने वाजत होतं आणि उजवा कान बहिरा झालेला.

"कान नाही हो गेला तुमचा," बाई म्हणाल्या. "आवाजाचं बटण गेलंय. स्वस्तातलं बटण बारीक आवाजाला दोन्ही बाजू सारख्या सोडत नाही."

मी हेडफोन सुलटा केला, परत उलटा केला, परत सुलटा. दोन वर्षांत हे करून बघायचं मला सुचलं नव्हतं.

"अहो, आता मीटिंगमध्ये कुठेही बसा," बायको म्हणाली.

त्यानंतर बाईंनी माझ्या कागदावरची एकेक खूण खोडायला सुरुवात केली. रशियन व्हॉल्व्ह नंतरही घालता येतील, सॉकेट तेच असतं. कंडेन्सरचा फरक त्यांना स्वतःलाही कधी ऐकू येतो, कधी नाही, हे त्यांनी हसत कबूल केलं. मोठ्या ट्रान्सफॉर्मरची माझ्या हेडफोनला गरजच नव्हती. राहिलं फक्त आवाजाचं बटण. त्याजागी टप्प्याटप्प्याने फिरणारा खटका, प्रत्येक टप्प्याला दोन्ही बाजूंचे मोजून जुळवलेले रेझिस्टर, म्हणजे बारीक आवाजातही दोन्हीकडे सारखंच येणार. त्या खटक्याचा एकेक टप्पा त्यांनी मला फिरवून दाखवला. कटकट आवाज करत तो फिरायचा आणि बोटांना फार बरं वाटायचं. शिसवी पेटी मात्र बायकोने खोडू दिली नाही. बाईंच्या यजमानांनी आतून लाकडाचे तीन तुकडे आणले, आणि त्यांचं नि तिचं पॉलिश या विषयावर इतकं जमलं, की विठ्ठलवाडीला पोचेपर्यंत मावशीचं जेवण गार झालेलं.

दीड महिन्याने अ‍ॅम्प्लिफायर घरी आला. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं, तेवढा वेळ मी, बायको आणि मुलगी त्याच्याकडे बघत बसलेलो. खटका तिसऱ्या टप्प्यावर ठेवून मी लहानपणापासून ऐकत आलेलं एक नाट्यगीत लावलं. त्यात डाव्या बाजूला ऑर्गन आहे. गाणाऱ्याने तान घेतली की तो मागून हळूच येऊन सामील होतो, आणि तान संपली तरी थोडा वेळ रेंगाळतो.