वासुदेव टाचा उचलतो

वासुदेव माझा नवरा. मी त्याला अरे-तुरे करते, हे सासूबाईंना शेवटपर्यंत खपलं नाही. पण जो माणूस ऑस्ट्रेलियातल्या मेंढरांच्या गावच्या चार पोरांच्या नादी लागून ऐन उमेदीची वर्षं घालवतो, त्याला अहो-जाहो कोणत्या तोंडाने करायचं, ते त्यांनीही मला कधी सांगितलं नाही.

नव्वद साली आम्ही पार्ल्याहून फुजैराला आलो. वासुदेवला तिथल्या तेलाच्या टर्मिनलमध्ये नोकरी लागली होती. समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना इंधन पोचवायचं, ते वेळेवर पोचतंय ना हे बघायचं, असं काम. आम्ही आलो आणि तिकडे कुवेतचं प्रकरण पेटलं. किनाऱ्यासमोर जहाजांची ही गर्दी झाली! मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, दुबई डोंगरापलीकडे, आणि दुबईचं रेडिओ स्टेशनसुद्धा त्या डोंगरांत अडकून पडायचं. रिद्धी पाच वर्षांची होती. तिला शाळा होती, वासुदेवला जहाजं होती, आणि मला भिंती.

वासुदेव मुलखाचा मुखदुर्बळ. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा माझं एका दमात झालं, आणि हा मात्र हातात घास धरून असा गप्प उभा राहिला, की माझ्या मावशीने आईला विचारलं, मुलगा मुका तर नाही ना? तर अशा ह्या माणसाने एका गुरुवारी संध्याकाळी टर्मिनलच्या क्लबमध्ये माइक हातात घेतला आणि इंग्रजी गाणं म्हटलं. मी तिथे होते. माझ्या हातातलं सरबत साडीवर सांडलं.

त्याचं मूळ आमच्या बिल्डिंगच्या खाली होतं. खैरुद्दीनचं कॅसेटचं दुकान. खैरुद्दीन हैदराबादचा, बोलायला साखर, आणि इंग्रजी गाण्यांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. हिंदी आणि मल्याळी कॅसेटी त्याच्याकडे दुबईहून तयार यायच्या. इंग्रजीला गिऱ्हाईक कमी, म्हणून त्या तो स्वतःच कॉपी करून विकायचा. तेव्हा त्याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. एका जहाजावरचा ऑस्ट्रेलियन इंजिनिअर दर खेपेला त्याच्याकडे एक मूळ कॅसेट ठेवून जायचा. ती मूळ कॅसेट खैरुद्दीन काचेच्या कपाटात बंद करून ठेवी. "मास्टर है, हात नक्को लगाओ, घिस जाता," म्हणायचा. ऐकायच्या त्या कॉप्याच.

अशीच एक कॉपी वासुदेवने घरी आणली. त्या बँडचं नाव 'ब्लू पॅडॉक'. चौघे एका शाळेतले. गावातल्या दारूच्या गुत्त्यात वाजवायला लागले, तिथून शहरात गेले, आणि पहिल्या दोन अल्बमांतच अख्ख्या ऑस्ट्रेलियाने त्यांना डोक्यावर घेतलं. हे सगळं मला पाठ आहे, कारण भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, रिद्धीच्या वेण्या घालताना मला दुसरं काही ऐकवलं जात नव्हतं. गायकाचं आणि गिटारवाल्याचं पटत नाही, हे समजल्यावर वासुदेव एवढा काळजीत पडला, की मला वाटलं पार्ल्याला कुणीतरी आजारी आहे.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'द फार गेट'. लांबचं फाटक. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "अरे, ह्या माणसाला कुठली गाडी पकडायचीय?" एवढं ते पळायचं. पोरगेलासा, उंच, धाप लागलेला आवाज, आणि मध्येमध्ये 'कम अलाँग, कम अलाँग' असा पुकारा. ये, चल, ये! ऐकणाऱ्याचे पाय हलल्याशिवाय राहात नसत. ते वरचे सूर गाठायला वासुदेवला आवाज पुरायचा नाही. मग तो टाचा उचलायचा. चवड्यांवर उभा राहून, मान वर करून, डोळे गच्च मिटून तो 'कम अलाँग' म्हणायचा, आणि अख्खा क्लब टाळ्या धरायचा. केरळी, पाकिस्तानी, फिलिपिनो, सगळे. साहेब लोकसुद्धा त्याला बाजारात थांबवून म्हणायचे, "हबीबी वासू, दिस थर्सडे?"

ऑफिसातही फरक पडला. ज्याला फोनवर 'हॅलो' जड जायचं, तो कॅप्टन लोकांशी वाद घालायला लागला. रिद्धीच्या प्रत्येक वाढदिवसाला केक कापायच्या आधी बाबा टाचा उचलणार हे ठरलेलं. दुखलं, पडलं, शाळेत कुणी बोललं, की ती त्याच्या मांडीवर चढून हुकूम सोडायची, "बाबा, कम अलाँग!" मला काय वाटायचं विचाराल, तर मला त्या बँडचा राग यायचा आणि त्यांचे उपकारही वाटायचे. त्यांनी माझ्या नवऱ्याला वाचा दिली होती.

पुढे कॉपीविरुद्ध कायदा आला आणि खैरुद्दीनने मशीनं गुंडाळून घड्याळाचे सेल आणि फोनची कार्डं विकायला सुरुवात केली. चौऱ्याण्णव साली ब्लू पॅडॉक फुटला. गायक एकीकडे, बाकीचे तिघे दुसरीकडे. त्या दिवशी वासुदेव जेवला नाही. सत्त्याण्णवला ते परत एकत्र आले आणि जुनी गाणी घेऊन त्यांची सीडी निघाली. आमच्याकडे सीडी प्लेअर नव्हता. शारजाला अल मजाजमध्ये आमच्या ओळखीच्यांकडे गणपतीला गेलो होतो, येताना हा पठ्ठ्या दोन्ही घेऊन आला.

"चारशे दिरहम! म्हणजे चार हजार रुपये झाले," मी म्हटलं.

"हेमा, सात वर्षं कॅसेट ऐकतोय. एकदा नीट ऐकू दे," तो म्हणाला.

त्या शुक्रवारी त्याने टर्मिनलच्या मंडळींना घरी बोलावलं. मी बटाटेवडे केले होते. हॉलमध्ये दाटीवाटीने माणसं बसली. वासुदेवने बटण दाबलं आणि टाळ्यांसाठी हात वर केले.

आणि आमच्या घरात एक म्हातारा गायला लागला.

दुसरं काय म्हणू? जाड, खोल, सावकाश आवाज. एकेक शब्द ओझं उतरवून ठेवावा तसा. ढोल असे वाजत होते, जणू वाजवणाऱ्याला झोप येतेय. चाल तीच होती, म्हणून तर जास्त भीती वाटली. ओळखीचा माणूस भलत्याच चेहऱ्याने दारात उभा राहावा तसं झालं. कुणाला टाळी धरता येईना. कुणीतरी फिसकन हसलं.

"मशीन खराब है," वासुदेव घाईघाईने म्हणाला. "स्लो चल रहा है. वडे खाओ, वडे खाओ."

पुढच्या शुक्रवारी आम्ही तो प्लेअर घेऊन परत शारजाला. दुकानदाराने दुसरा लावला. तोच म्हातारा. तिसरा लावला. तोच. दुकानदार म्हणाला, "भाईसाब, सीडी ऐसे स्लो नहीं होती." वासुदेवने सीडीचं पुस्तक उघडून मला दाखवलं. गाणं नव्याने म्हटलेलं नव्हतं. पूर्वीचंच होतं, जसंच्या तसं. परतीच्या वाटेवर तो डोंगरांतून गाडी चालवत होता. मागच्या सीटवर बारा वर्षांची रिद्धी त्या पुस्तकात छापलेलं गाणं वाचत होती. मध्येच म्हणाली, "बाबा, इट्स नॉट कम अलाँग. इट्स गॉन सो लाँग."

मी मागे वळून पुस्तक ओढून घेतलं. खरंच. 'गॉन सो लाँग.' जाऊन किती काळ झाला! ते गाणं एका बापाचं होतं. मुलगा घर सोडून गेलाय, आणि बाप रोज संध्याकाळी शेताच्या टोकाचं फाटक उघडं ठेवून येतो. एवढंच गाणं. ह्याच्यावर आम्ही टाळ्या धरल्या? ह्याच्यावर केक कापले?

गाडी थेट खैरुद्दीनच्या दुकानासमोर थांबली. वासुदेवने गाडीतली आपली जुनी कॅसेट काउंटरवर ठेवली. खैरुद्दीनने कुठल्याशा खोक्यातून मास्टर शोधून काढली. आधी तिला साध्या टेपवर लावलं. म्हातारा गायला लागला. मग त्याच टेपवर वासुदेवची कॉपी लावली. पोरगा पळत सुटला.

खैरुद्दीन मटकन स्टुलावर बसला. "या अल्ला," तो म्हणाला. "कॉपी वाली मशीन की मोटर सुस्त थी. धीमे में उतारी, तो बाहर आ के भागती. मैं समझा अंग्रेज लोगां ऐसेच गाते." त्याने दोन्ही हात डोक्याला लावले. "वासुभाई, पूरे फुजैरा को भगाया मैंने."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिचारा माना डोलवत होता. कायदा आल्यावर मशीनं गुंडाळताना, एका सुस्त मोटरीने एवढा घोळ घालून ठेवलाय हे त्याच्या तरी कुठे ध्यानात आलं असणार? पण मला कुणावर तरी ओरडायचं होतं, कारण वासुदेवच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. घर लुटलं गेल्यावर माणूस जसा रिकाम्या कपाटासमोर उभा राहातो, तसा तो त्या टेपसमोर उभा होता.

"म्हणजे मी त्यांचं गाणं गातच नव्हतो," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर वासुदेवने गाणं सोडलं.

मला आधी वाटलं, आठ दिवस रुसेल. क्लबचे लोक बोलवायला आले. "खलास, यार, गला खराब है," त्याने सांगितलं. माणसं विचारायची थांबली. मी समजावलं, भांडले, एकदा तर माइक विकत आणून टेबलावर ठेवला. रिद्धी म्हणाली, "बाबा, नोबडी केअर्स. नोबडी नोज."

"मला माहीत आहे ना," तो म्हणाला.

हळूहळू तो पुन्हा पूर्वीसारखा झाला. फोन आला की माझ्याकडे बघायचा. ब्लू पॅडॉकच्या बातम्या वाचायचा, पण सांगायचा नाही. माझ्या घरात एक माणूस होता तो गेला आणि त्याच्या जागी लग्नातला तो घास धरून उभा असलेला मुलगा परत आला, आणि मला काही म्हणजे काही करता येईना. रिद्धीच्या सोळाव्या वाढदिवसाला आम्ही केक कापला तेव्हा ती क्षणभर बाबाकडे बघत थांबली. त्याने मेणबत्त्यांकडे बघितलं. तिने फुंकर मारली.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत रिद्धी शिकायला मेलबर्नला गेली. दुबई विमानतळावर ती रडली, मी रडले, वासुदेव तिच्या बॅगेचं कुलूप पुन्हा पुन्हा तपासत राहिला. घरी आल्यावर त्याने तिच्या खोलीचं दार लावलं नाही. मीही लावलं नाही.

मार्चमधला शुक्रवार. पुन्हा इराकचं युद्ध येणार येणार म्हणून टीव्ही ओरडत होता. दुपारची जेवणं चालली होती, सुरमईचा तुकडा माझ्या हातात होता, आणि फोन वाजला. आधीच जीव टांगणीला लागलेला. मी खरकट्या हाताने उचलला. पलीकडे एवढा गोंगाट, की मला वाटलं दंगल झाली.

"आई, गिव्ह इट टू बाबा! क्विक!"

मी फोन स्पीकरवर टाकला. ब्लू पॅडॉकचा शेवटचा कार्यक्रम होता. चौघांनी आता कायमचं थांबायचं ठरवलं होतं, हे वासुदेवला माहीत होतं, मला नव्हतं. पोरीने आम्हाला न सांगता तिकीट काढलं होतं. "बाबा, लिसन," ती म्हणाली आणि तिने फोन वर धरला असावा. हजारो माणसांच्या आवाजातून तो जाड, सावकाश आवाज आमच्या फुजैराच्या स्वयंपाकघरात आला. गॉन सो लाँग. गॉन सो लाँग. सगळं मैदान त्याच्याबरोबर म्हणत होतं.

वासुदेव उभा राहिला. हात उष्टाच होता. तो ऐकत होता आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडत चालला होता. मला वाटलं, कशाला केला ह्या मुलीने फोन? जुनी जखम बरी होत आली होती.

मग रिद्धीचा आवाज आला. ती हुंदके देत होती.

"बाबा, दे आर सिंगिंग इट राँग."

"नाही गं," तो म्हणाला. "तेच बरोबर आहे. त्यांचंच आहे ते."

"नो! इट्स राँग! आय वाँट आपलं वालं. बाबा, प्लीज. यू सिंग."

तो माझ्याकडे बघायला लागला. फोन आला की बघायचा तसाच. साडेपाच वर्षं त्या गळ्यातून सूर निघाला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि मला त्याचा असा काही राग आला!

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "पोर फाटकाशी उभी आहे."

त्याने तोंड उघडलं. पहिला सूर फाटला. दुसराही फाटला. तो थांबला, खाकरला आणि पुन्हा सुरू झाला, उंच, पोरगेला, धाप लागलेला, खैरुद्दीनच्या मोटरीच्या वेगाने. कम अलाँग, कम अलाँग! आणि तिकडून, त्या सगळ्या सावकाश गाणाऱ्या माणसांच्या मधून, एक बारीक रडका आवाज त्याच वेगाने पळत त्याच्याबरोबर आला.

मी खाली बघितलं. टाचा उचललेल्या होत्या.